इंजेक्टर-हार्नेसमधील बदल

पेट्रोल इंजिनाला मूळच्यापेक्षा वेगळ्या जातीचे इंधन-इंजेक्टर बसवताना त्यांच्यापर्यंत येणाऱ्या वायरिंगमध्ये, म्हणजे हार्नेसमध्ये, करावे लागणारे फेरफार. टर्बो इंजिनाची ताकद वाढवताना, इथेनॉलचे प्रमाण जास्त असलेले इंधन वापरताना किंवा जुन्या गाडीचे मूळ इंजेक्टर मिळेनासे झाल्यावर हे काम निघते. जास्त इथेनॉलचे ई८५ इंधन पेट्रोलच्या तुलनेत आकारमानाने सुमारे ३० टक्के जास्त लागते. मूळ इंजेक्टरांची तेवढी कुवत नसेल तर मोठे घ्यावे लागतात. कपलर, म्हणजे इंजेक्टरला वायरी जोडणारा प्लग, बसला की काम झाले, असा समज सर्रास आढळतो आणि बरेचसे नुकसान त्यातूनच होते. कपलर ही यातली सर्वांत सोपी बाजू आहे.

इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी झडप. तिला दोनच वायरी असतात. इग्निशन चालू होताच एकीवर रिलेमार्फत १२ व्होल्टचा पुरवठा येतो. दुसरी ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाकडे, जाते. ईसीयू ही दुसरी वायर काही मिलिसेकंद अर्थला जोडतो आणि जवळपास तेवढाच वेळ इंधन फवारले जाते. साध्या वेटोळ्याला धन-ऋण भेद नसतो, त्यामुळे एकाच कपलरमधल्या दोन पिना उलट लागल्या तरी इंजेक्टर काम करतो. एका सिलिंडरची ईसीयूकडची वायर दुसऱ्याला लागली तर मात्र घोटाळा होतो. १-३-४-२ या ज्वलनक्रमाच्या इंजिनात २ आणि ३ क्रमांकांच्या वायरींची अदलाबदल झाली तरी इंजिन चालू होते. फक्त त्या दोन सिलिंडरांत इंधन क्रँकशाफ्टच्या एका पूर्ण फेऱ्याच्या फरकाने पडते. दोष दिसत नाही म्हणून तो महिनोन्महिने तसाच राहू शकतो. वायर कापण्यापूर्वी प्रत्येकीवर सिलिंडरचा क्रमांक लावून ठेवावा, हे सांगणे म्हणूनच क्षुल्लक नाही.

खरा निकष रोधाचा. इंजेक्टरांचे दोन वर्ग आहेत: सुमारे २ ते ३ ओहमचे कमी रोधाचे आणि सुमारे १२ ते १६ ओहमचे जास्त रोधाचे. कमी रोधाच्या वेटोळ्यात प्रवाह झपाट्याने चढतो, झडप चटकन उघडते; जड झडपांच्या जुन्या मोठ्या इंजेक्टरांना त्याची गरज होती. पण हा प्रवाह आवरावा लागतो. त्यासाठी एकतर ईसीयूचा ड्रायव्हर, म्हणजे इंजेक्टर चालवणारा भाग, सुरुवातीला साधारण ४ अँपिअर सोडून नंतर १ अँपिअरवर येतो, किंवा इंजेक्टरच्या आधी मालिकेत रोधक बसवतात.

मित्सुबिशीचे टर्बोयुक्त ४जी६३ इंजिन हे दुसऱ्या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. १९९० च्या दशकातील एक्लिप्स आणि लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांत ते होते. त्याच्या रोधक-पॅकमध्ये प्रत्येक इंजेक्टरसाठी सुमारे ६ ओहमचा स्वतंत्र रोधक असतो. इंजेक्टर २.५ ओहमचा धरला तर एकूण रोध ८.५ ओहम, आणि १४ व्होल्टला प्रवाह सुमारे १.६५ अँपिअर. आता या इंजिनाला १२ ओहमचे नवे इंजेक्टर बसवून पॅक तसाच ठेवला, तर एकूण रोध १८ ओहम होतो आणि प्रवाह पाऊण अँपिअरच्या आसपास घसरतो. झडप उशिरा उघडते, विशेषतः बॅटरी उतरलेली असताना. मिश्रण पातळ होते आणि इंजिन मिसिंग करते. म्हणून पॅक काढून त्याच्या कपलरमधली पुरवठ्याची वायर चारही इंजेक्टरांच्या वायरींना थेट जोडतात. मग प्रवाह १.१७ अँपिअर राहतो, जो ईसीयूला सहज पेलतो.

उलट चूक फार महागात पडते. जास्त रोधाच्या इंजेक्टरांसाठी बनवलेल्या ईसीयूला २.५ ओहमचे इंजेक्टर रोधकाशिवाय जोडले, तर प्रवाह साडेपाच अँपिअरच्या वर जातो आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळू शकतो. दोन मिनिटांची मल्टिमीटरची तपासणी हे टाळते, आणि ती टाळणाऱ्याला सबब नाही.

कपलरांचे प्रकार बरेच आहेत. बॉशच्या ईव्ही१ इंजेक्टरांवरचा तारेच्या क्लिपचा रुंद कपलर, नंतरच्या अनेक इंजेक्टरांवरचा यूएसकार कपलर आणि जपानी गाड्यांतले डेन्सो व सुमितोमो घाटाचे कपलर नेहमी भेटतात. मूळ वायर न कापता मध्ये बसणारा तयार अ‍ॅडॉप्टर हा परतीची वाट मोकळी ठेवणारा उपाय. मात्र प्रत्येक अ‍ॅडॉप्टरबरोबर सांध्यांची संख्या वाढते. कायमच्या कामासाठी नव्या कपलरच्या पिना योग्य पक्कडीने थेट मूळ वायरीवर क्रिम्प करणे अधिक चांगले. नुसता डाग दिलेल्या सांध्यात कथील वायरीच्या तंतूंमध्ये चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाच्या कंपनांनी वायर त्याच्या कडेला तुटते. पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे इंजिनाच्या उष्णतेत आणि तेलाच्या ओलाव्यात टिकत नाही. आत गोंद असलेली आकुंचन पावणारी स्लीव्ह वापरावी आणि वायर इंधन-रेलला बांधताना कपलरपाशी थोडी सैल सोडावी.

वायरिंग बरोबर झाले तरी ईसीयूला नव्या इंजेक्टरांची माहिती द्यावीच लागते. प्रवाह-क्षमता बहुधा ३ बार दाबाला, मिनिटाला इतके घन सेंटिमीटर अशी दिलेली असते. दाब बदलला की ती दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. दुसरी बाब मृतकाळाची, म्हणजे विद्युतस्पंद मिळाल्यापासून प्रत्यक्ष फवारणी होईपर्यंतच्या विलंबाची. व्होल्टेज घटले की तो वाढतो, म्हणून त्याचा तक्ता व्होल्टेजनुसार भरावा लागतो. आयडलिंगला एकूण स्पंदच दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. तिथे मृतकाळातली छोटी चूकही मिश्रण बिघडवते.

भारतात या हार्नेसला सर्वाधिक हात लागतो तो सीएनजी किट बसवताना. सिक्वेन्शियल किटमध्ये पेट्रोल-इंजेक्टरची ईसीयूकडची वायर तोडून ती गॅसच्या नियंत्रकातून फिरवतात. नियंत्रक पेट्रोलचा स्पंद वाचून त्यावरून गॅसचा स्पंद ठरवतो आणि मूळ ईसीयूला इंजेक्टर जागेवर असल्याचा भास देणारा रोध पुरवतो; तो नसेल तर चेक इंजिनचा दिवा लागतो. इथे मात्र दोन वायरींतली नेमकी कोणती तोडायची याला महत्त्व आहे, कारण स्पंद फक्त ईसीयूच्या बाजूला वाचता येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांना लागू होते. त्यामुळे किट मान्यताप्राप्त असावे लागते आणि इंधनातला बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो.