दिल्लीत ट्राम होती का हो?



आजचा विषय मी शोधलेला नाही, तो माझ्याकडे आला. नोएडात राहणाऱ्या एका तरुण प्रेक्षकाने मला एक जुना फोटो पाठवला. मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये उंच घड्याळाचा मनोरा आणि रुळांवर एक उघडी ट्राम. फोटोखाली कुणीतरी लिहिलेलं होतं, ‘जुनी दिल्ली, 1890’. सोबत त्याचा प्रश्न होता. त्याची आजी 85 वर्षांची. ती म्हणते, लहानपणी आम्ही पहाडगंजात राहायचो आणि ट्रामने चांदनी चौकात जायचो. घरात कुणी तिचं ऐकत नाही. सगळे म्हणतात, आजी, तुझं माहेर गिरगावातलं, तुला मुंबईची ट्राम आठवते आहे. दिल्लीत ट्राम कुठली? आता खरं कुणाचं, ते मी सांगायचं.

आधी फोटोकडे पाहू. मंडळी, जुना फोटो आला की खालची ओळ शेवटी वाचायची. ती कुणीही, कधीही लिहिलेली असू शकते. आधी फोटोच वाचायचा.

पहिली खूण ट्रामच्या टपावर आहे. तिथून एक लांब दांडा तिरका वर गेलाय आणि वरच्या तारेला टेकलाय. त्याच्या टोकाला खाचेचं एक छोटं चाक असतं, ते तारेला खालून घासत धावतं. वीज तारेतून दांड्यात, दांड्यातून मोटारीत आणि मग चाकांवाटे रुळांतून परत, असा तिचा फेरा. म्हणजे ही विजेची ट्राम आहे, घोड्यांची नव्हे. या दांड्याची आणखी एक गंमत आहे. तो नेहमी गाडीच्या मागच्या दिशेला झुकलेला असतो. म्हणून स्थिर फोटोतसुद्धा कळतं, गाडी कुठे निघाली आहे. शेवटच्या थांब्यावर माणसं दांडा फिरवून उलट दिशेला लावत आणि गाडी परत निघे.

आता 1890 चं काय? अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग नावाच्या इंजिनिअरने 1888 मध्ये शहरभर चालणारी अशी व्यवस्था यशस्वी करून दाखवली. आपल्या देशात विजेची पहिली ट्राम मद्रासला धावली, 1895 मध्ये. मग कलकत्ता 1902, मुंबई 7 मे 1907, त्याच वर्षी कानपूर. आणि दिल्ली? दिल्लीत ट्राम सुरू झाली 6 मार्च 1908 रोजी. तेव्हा 1890 बाद. आजीच्या नातवाला पहिलं उत्तर इथेच मिळालं. होती. दिल्लीत ट्राम होती.

दुसरी खूण तो मनोरा. हा चांदनी चौकातला घंटाघर, टाउन हॉलच्या समोरचा. (पुण्याचा चांदणी चौक नव्हे मंडळी, तिथे ट्राम आली असती तर आज निम्मा ताप वाचला असता.) 1950 च्या सुमारास या मनोऱ्याचा काही भाग कोसळला आणि पुढे तो पूर्ण पाडला गेला. म्हणजे मनोरा उभा आणि शेजारी विजेची ट्राम, असा फोटो 1908 नंतरचा आणि मनोरा पडण्याआधीचा. नेमकं वर्ष मिळालं नाही, पण चाळीसएक वर्षांची चौकट मिळाली. फोटोत एकही सायकल रिक्षा नाही, मोटारही नाही. टांगे, हातगाड्या आणि पायी चालणारी माणसं. त्यावरून मी या चौकटीच्या आधीच्या अर्ध्याकडे झुकतो, पण शपथ घेऊन सांगणार नाही.

ही ट्राम चालवायची दिल्ली इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅक्शन कंपनी. नावातच गंमत आहे पाहा. वीजपुरवठाही तिचाच आणि ट्रामही तिचीच. आपल्या मुंबईच्या बेस्टचंही तेच. असं का? तेव्हा घराघरांत विजेचा उपयोग मुख्यतः दिव्यांसाठी, म्हणजे संध्याकाळनंतर. दिवसा यंत्रं रिकामी बसणार. ट्राम दिवसभर वीज खाते. एकच जनित्र दिवसा गाड्या ओढतं, रात्री दिवे लावतं. धंद्याचं गणित सरळ होतं.

1921 च्या सुमाराला ही सेवा ऐन भरात होती. 24 उघड्या गाड्या आणि साधारण 15 किलोमीटरचे रूळ. जामा मशीद, चावडी बाजार, लाल कुआँ, फतेहपुरी, चांदनी चौक, सदर बाजार, सब्जी मंडी, तीस हजारी, पहाडगंज, बाडा हिंदूराव. शेवटचं नाव ऐकलंत? हे हिंदूराव म्हणजे आपल्या कागलच्या घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे भाऊ. दिल्लीत ते स्थायिक झाले आणि त्यांच्या नावाची वस्ती उरली. ट्रामचा कंडक्टर रोज एका मराठी सरदाराचं नाव पुकारत असणार, आणि उतरणाऱ्यांना त्याची कल्पनाही नसणार.

तेव्हा आजीचं पहाडगंजही बरोबर निघालं. पहाडगंजात मराठी वस्ती होतीच. नूतन मराठी शाळा आजही तिथे आहे. सरकारी नोकरीसाठी मुंबई-पुण्याहून आलेली कितीतरी कुटुंबं त्या भागात आणि करोलबागेत राहिली.

मी नातवाला फोन केला आणि म्हटलं, आजींना द्या. आजींनी फोन घेतला आणि पहिलं वाक्य काय, “मुंबईची नाही हो, दिल्लीचीच.” मी म्हटलं, मला आणखी सांगा. त्या म्हणाल्या, गाडीला दारं नव्हती, बाजूने कुठूनही चढायचं. लाकडी बाकं. आई पदर घट्ट धरून बसायची, कारण वाऱ्याबरोबर धूळ यायची. गाडी इतकी हळू, की शाळेतली मुलं चालतीतून उतरायची. आणि वरच्या मजल्यावर बसायला मिळालं, की भावाबहिणीत भांडण.

इथे मी थांबलो. दारं नसलेली उघडी गाडी, हे दिल्लीचंच. पण वरचा मजला? दिल्लीच्या ट्रामचे जे फोटो मी पाहिले, त्यांतली एकही गाडी दुमजली नाही. दुमजली ट्राम मुंबईत 1920 पासून होती. म्हणजे आजींच्या आठवणीत दोन शहरं एकमेकांत मिसळली होती. सुट्टीत गिरगावात आजोळी गेल्यावर बसायच्या ती गाडी, आणि शाळेच्या दिवसांत पहाडगंजात बसायच्या ती गाडी.

मी त्यांना हे सांगावं की नाही, याचा विचार करत होतो. इतकी वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही, आणि आता मीही चूक काढायची? पण लपवलं असतं तर मीही फोटोखाली 1890 लिहिणाऱ्यासारखाच झालो असतो. सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “वरचा मजला मुंबईचा असेल. पण धूळ दिल्लीचीच.” यावर कुठला इतिहासकार काय बोलणार?

मग ही ट्राम लोकांच्या आठवणीतून इतकी पुसली कशी गेली? माझ्या मते कारण तिच्या नकाशात आहे. ती जुन्या शहरात आणि त्याला लागून असलेल्या बाजारांत फिरली. 1931 मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं, रुंद रस्ते आले, पण त्या रस्त्यांवर ट्राम गेली नाही. मग फाळणी झाली. 1941 मध्ये सुमारे 9 लाखांची दिल्ली 1951 मध्ये 17 लाखांच्या पुढे गेली. निर्वासितांच्या वसाहती दूर दूर वसल्या, आणि तिथे पोहोचायला बस हवी होती. शहराची बससेवा तोवर ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनीकडे होती, ती मे 1948 मध्ये केंद्र सरकारने हाती घेतली. रस्ता बदलायला बसला फक्त चाक वळवावं लागतं. ट्रामला रूळ उखडावे लागतात. समोर हातगाडी आडवी आली, तर ट्राम बाजूने जाऊ शकत नाही, घंटा वाजवत उभी राहते. 1963 मध्ये दिल्लीची ट्राम बंद झाली. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, आणि तिला निरोप द्यायला गर्दी लोटली होती. मुंबईच्या ट्रामवर आठवणी लिहिल्या गेल्या, ती घराघरात सांगितली गेली. आज दिल्ली म्हटलं की लोकांना लाल किल्ला, कर्तव्य पथ (पूर्वीचा राजपथ) आणि मेट्रो आठवते. मधली ट्राम गळून पडते.

आज चांदनी चौक आणि चावडी बाजार ही मेट्रोची स्थानकं आहेत, जमिनीखाली खोल. 2021 मध्ये लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता नव्याने बांधून दिवसा मोटारींना बंद केला. त्या रस्त्यावर पायी चाललात, तर जिथे घंटाघर होता तिथे जरा थांबा. समोर टाउन हॉल आणि स्वामी श्रद्धानंदांचा पुतळा दिसेल. ट्रामचा मागमूस दिसणार नाही.

नातवाने आजींच्या फोटोची एक मोठी प्रत काढून आणली आहे. मागे त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘चांदनी चौक, 1908 नंतर. आजी अशाच ट्रामने जायची.’ वर्ष नेमकं नाही, पण लिहिलंय ते खरं आहे.

तुमच्या घरात असा फोटो असेल, तर खालची ओळ झाका आणि आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. सगळंच बरोबर सांगतील असं नाही. पण विचारा, आणि लगेच विचारा. भेटू पुढच्या भागात.