डोक्याचा मार आणि बाईच्या कामाची किंमत

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, व्याज आणि हप्ते यांवर बोलतो. आज बोलू अपघातात डोक्याला मार बसला तर मिळणाऱ्या भरपाईवर. ही भरपाई कुठून आली, तिच्यात बाईचं काम कधीपासून मोजायला लागले, हे माहीत असलं की न्यायालयात आपण काय मागायचं ते नीट कळतं.

सुरुवात करू १८५५ सालापासून. इंग्रजांच्या राज्यात त्या वर्षी एक कायदा झाला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याची बायको, नवरा, आईवडील किंवा मुलं भरपाई मागू शकत होती. पण माणूस मरण पावला तरच. जो जखमी होऊन जगला, त्याला दिवाणी न्यायालयात स्वतःचा दावा लावावा लागे. कोर्ट फी, वकील, वर्षानुवर्षं तारखा. गरिबाने तिथपर्यंत पोचायचं कसं?

पुढे गिरण्या, खाणी, रेल्वे वाढली. यंत्रात हात जायचे, डोक्यावर वजन पडायचं. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची, ती मजुरीच्या हिशोबाने. मोठी गोष्ट होती ती. पण शेतमजूर त्या पहिल्या यादीत नव्हते. आणि जिला मजुरीच मिळत नाही, तिचं काय, हा प्रश्न तर कुणी विचारलाच नाही.

मग रस्त्यावर मोटारी वाढल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा ठरवला आणि ती सक्ती १९४६ पासून लागू झाली. गाडीवाल्याकडे पैसे नसले तरी विमा कंपनीने भरपाई द्यावी, असा त्यामागचा विचार. १९५६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन अपघाताच्या दाव्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण आलं. जिल्ह्याच्या कोर्टात ज्याला सगळे 'एमएसीटी' म्हणतात, ते हेच. आजचा कायदा १९८८ चा आहे.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. भरपाई काढताना पहिला प्रश्न असतो, 'महिन्याची कमाई किती?' १९९४ मध्ये कायद्याला एक तक्ता जोडला. त्यात न कमावणाऱ्या माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलं. आणि नवरा कमावत असेल तर घर सांभाळणाऱ्या बायकोचं उत्पन्न त्याच्या कमाईच्या एक तृतीयांश. म्हणजे बाई पहाटे उठून रात्री अकराला पाठ टेको, तिची किंमत नवऱ्याच्या पगारावरून ठरणार. नवरा मजूर असेल तर तिची किंमत मजुराच्याही तिसऱ्या हिश्श्याची.

हे बदलत गेलं ते न्यायालयांच्या निकालांनी. मार्च १९८९ मध्ये जमशेदपूरला एका कारखान्याच्या समारंभात मोठी आग लागली. मेलेल्यांत बायका आणि मुलं बरीच होती. भरपाई ठरवायचं काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे दिलं गेलं. त्यांनी घर सांभाळणाऱ्या बायकांच्या सेवेची किंमत वर्षाला १२,००० रुपये धरली आणि काहींची त्याहूनही कमी. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही रक्कम फारच थोडी आहे. ३४ ते ५९ वयाच्या बायकांसाठी ती महिन्याला ३,००० रुपये केली. म्हणजे एकदम तिप्पट.

२०१० मध्ये न्यायमूर्ती गांगुली यांनी एका निकालात २००१ च्या जनगणनेवरच बोट ठेवलं. स्वयंपाक, धुणीभांडी, मुलं सांभाळणं करणाऱ्या बायका तिथे 'काम न करणाऱ्या' गटात होत्या. भिकारी, कैदी आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्याच रांगेत. हे चूक आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारी पाहणीचे आकडे घेतले. बाई दिवसाला सुमारे २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते, पुरुष ९७ मिनिटं. खेड्यातली बाई वर पेरणी, कापणी आणि गुरांचंही करते, याचीही त्यांनी नोंद घेतली. आणि २०२४ मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की घर सांभाळणाऱ्या बाईचं उत्पन्न रोजंदारीच्या मजुरापेक्षा कमी धरताच येणार नाही.

मैत्रिणींनो, हे निकाल मरण पावलेल्या बायकांबद्दल होते. पण जी जगली आणि पूर्वीसारखी राहिली नाही, तिच्या कामाची किंमतही याच विचाराने मागता येते. डोक्याच्या माराचा प्रश्न इथेच येतो.

पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. डोक्याचा मार दिसत नाही. वरची जखम आठ दिवसांत भरते. आत मात्र विसरणं, चक्कर, डोकेदुखी, चिडचिड, झोप न लागणं, वास न येणं हे महिनोन्महिने राहू शकतं. घरचे म्हणतात, 'आता बरी झाली की, नाटकं करते.' आणि कोर्टात विचारतात, 'हातपाय तर धड आहेत, मग नुकसान काय झालं?'

यावरही न्यायालयाचं उत्तर आहे. २०१० मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांनी सांगितलं, की डॉक्टरांनी लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कामाचं नुकसान नव्हे. डावा हात गेला तर सुताराचा धंदा संपतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून त्या माणसाचं काम काय होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे बघायचं.

२०२० चा एक निकाल तर आपल्यातल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा. २००७ मध्ये हरयाणातली एक १२ वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर ट्रॅक्टरवरून चालली होती. ट्रकने धडक दिली. मुलीच्या डोक्याला जबर मार बसला. तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाइतकी राहिली. खालच्या न्यायाधिकरणाने साधारण ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने पावणेसव्वीस लाखांच्या आसपास, सर्वोच्च न्यायालयाने ६२ लाख २७ हजार. फरक कुठून आला? न्यायालयाने तिला वर्षाला १५,००० ची 'न कमावणारी' मानलं नाही. मोठी होऊन ती कमावती झाली असती असं धरून कुशल कामगाराची मजुरी लावली. आणि तिला सांभाळायला दोन माणसं जन्मभर लागतील, त्यांचा खर्च धरला. तोच २१ लाख ६० हजार झाला. आई सांभाळते म्हणून ते काम फुकट, असं म्हटलं नाही. आजारी माणसाची सेवा करणारी कोण असते? बहुतेक घरांत बाईच. तिच्या सेवेलाही किंमत आहे, हे या हिशोबाने दाखवलं.

आमच्या एका गटातली ताई मोटरसायकलवर मागे बसली होती. मागून जीपने उडवलं. चार दिवसांनी घरी सोडलं, टाके निघाले, सगळे म्हणाले वाचली. ही ताई आमच्या गटाची सचिव. दहा जणींचा व्याजाचा हिशोब तोंडी करायची. अपघातानंतर शंभरातून पस्तीस वजा करताना थांबते. दावा लावला तेव्हा समोरचे वकील म्हणाले, बाई काही कमवत नव्हत्या. आम्ही गटाचं रजिस्टर पुढे ठेवलं. अपघाताआधीची पानं तिच्या अक्षरात, बेरजा चोख. नंतरची दोन पानं खाडाखोडीने भरलेली, आणि मग दुसरीचं अक्षर. सोबत डेअरीच्या दुधाच्या पावत्याही दिल्या. दावा अजून चालू आहे. पण ती काय करत होती, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. डोक्याला मार बसल्यावर उलटी, गुंगी, बडबड दिसली तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. पोलिसांत फिर्याद नोंदवा, तिची प्रत आणि पंचनामा घ्या. केस पेपर, सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा. घरी एक वही करा. ती आधी कोणती कामं करायची, आता कोणती जमत नाहीत आणि तिच्याजवळ रोज कोण थांबतं, हे तारखेनिशी लिहा. अंगणवाडीताई, गटातल्या बायका, शेजारीण साक्ष देऊ शकतात.

दावा अपघात झाला त्या भागात किंवा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात लावता येतो. कायद्यातल्या नव्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्या अटीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपण त्यावर विसंबून राहू नये. गाडी पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तरी सरकारकडून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्या किंवा १५१०० या नंबरवर फोन करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सकाळपासून रात्रीपर्यंतची आपली कामं एका कागदावर उतरवून काढावीत. पुढे कधी कुणी विचारलं, 'बाई काय करतात?' तर 'काही नाही, घरीच असते' असं म्हणायचं नाही. तो कागद दाखवायचा.