पुढच्या अंकातली दुरुस्ती

'तू पीएचडी फिजिक्समध्ये करतेयस ना? मग चाळीस वर्षांपूर्वीची कॉम्प्युटरची मासिकं कशाला गोळा करतेस?' हा प्रश्न आईने विचारून झालाय, लॅबमधल्या मित्रांनी विचारून झालाय, आणि वजन करता करता रद्दीवाल्या काकांनीही विचारलाय. आजची पोस्ट म्हणजे त्याचं उत्तर.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' नावाचा संगणक झळकला. सुटे भाग विकत घ्यायचे आणि घरी जोडायचे, किंमत ३९७ डॉलर. हाच अंक पाहून पॉल अ‍ॅलन बिल गेट्सकडे गेला आणि दोघांनी अल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण मुखपृष्ठावरचा तो खोका चक्क रिकामा होता! खरा नमुना मासिकाकडे पाठवताना वाटेतच हरवला, म्हणून फोटोसाठी नुसता सांगाडा उभा केला गेला. म्हणजे संगणकाच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं चित्र पाहून 'जानेवारी १९७५ मध्ये असं यंत्र तयार होतं' असा निष्कर्ष काढला, तर चित्र खरं असूनही आपण फसू. छापलेलं पान हा पुरावा असतो, पण नेमका कशाचा, हे तपासावं लागतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'बाइट' सुरू झालं आणि १९७८–७९ पर्यंत अशा मासिकांची रांगच लागली. इंटरनेट नव्हतं, विकतचं सॉफ्टवेअर महाग. मग मासिकं प्रोग्रामच छापायची. पानंच्या पानं कोड, आणि वाचकाने तो समोर ठेवून एकेक अक्षर टंकायचं. १९८४ च्या जानेवारीत 'कॉम्प्यूट्स गॅझेट'ने 'स्पीडस्क्रिप्ट' नावाचा अख्खा वर्ड प्रोसेसर असा छापला. जेमतेम ५ किलोबाइटचा, पण कागदावर मात्र नुसत्या आकड्यांचे रकानेच्या रकाने.

आता एवढे आकडे टंकताना चूक होणारच. त्यावर १९८३ मध्ये याच प्रकाशनाने 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' नावाचा एक छोटा प्रोग्राम दिला. तुम्ही एक ओळ टंकली की तो त्या ओळीतल्या अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांची बेरीज करून एक आकडा दाखवायचा. मासिकात त्या ओळीपुढे छापलेला आकडा तोच असला, की ओळ बरोबर.

कल्पना झकास आहे, पण यात एक भोक आहे. कमोडोर ६४ वर ५३२८० या पत्त्यावर शून्य लिहिलं की पडद्याची कड काळी होते. समजा घाईत तुम्ही ५३२०८ टंकलं. दोन्हींतल्या अंकांची बेरीज १८ च! बेरजेला क्रमाशी देणंघेणं नसतं, हे आपण शाळेतच शिकतो. त्यामुळे प्रूफरीडर म्हणणार 'ठीक'. मी इम्युलेटरवर हे मुद्दाम करून पाहिलं. ५३२०८ हा मेमरीतला साधा, मोकळा पत्ता आहे, त्यामुळे संगणकही काही तक्रार करत नाही. फक्त कड काळी होत नाही आणि तुम्ही डोकं धरून बसता.

यावर उपाय काय? प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणायचं आणि मग बेरीज करायची. ५३२८० साठी ५×१ + ३×२ + २×३ + ८×४ + ०×५ म्हणजे ४९. ५३२०८ साठी तेच गणित ५७ देतं. चूक पकडली गेली! पुस्तकांच्या जुन्या, दहा अंकी आयएसबीएन क्रमांकामागेही हेच तत्त्व होतं. १९८६ मध्ये त्यांनी नवा प्रूफरीडर छापला, तो अशी अदलाबदल पकडू शकत होता.

आता माझा मुद्दा. समजा तुमच्याकडे फक्त १९८३ चा अंक आहे. तुम्ही लिहाल, 'वाचकांच्या चुका पकडण्याची पद्धत सापडली होती.' ती अपुरी होती हे त्या अंकात कुठेच नाही. ते कळायला पुढची तीन वर्षं हाताशी हवीत. 'कॉम्प्यूट'मध्ये तर आधीच्या अंकांतल्या चुका दुरुस्त करणारं एक सदरच होतं, नाव 'कॅप्यूट'. एकटा अंक अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली पुढच्या अंकात असते. म्हणून मी दुर्मीळ मुखपृष्ठांच्या मागे लागत नाही, सलग अंक शोधते.

जाहिरातींचंही तसंच. कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ मध्ये, ५९५ डॉलरला. १९८३ मध्ये तो २०० डॉलरच्या आसपास मिळू लागला. याच किंमतयुद्धात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घरगुती संगणकांच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. ओळीने अंक लावून नुसत्या जाहिराती चाळल्या तरी ही पडझड महिन्यामहिन्याने दिसते. पण एका ग्रंथालयात मी बांधीव खंड मागवले, तर जाहिरातींची पानं आणि मुखपृष्ठं बांधणीआधीच काढून टाकलेली. जागा वाचली, इतिहास गेला.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शोधनिबंधातलं समीकरण घेऊन सिम्युलेशन लिहिलं. उत्तरं जुळेनात. पाच महिने मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होते. सर रोज विचारायचे आणि मी रोज 'उद्या होईल' म्हणायचे. शेवटी कळलं की समीकरणात एक चिन्ह चुकलं होतं आणि त्याची दुरुस्ती त्याच नियतकालिकात वर्षभराने छापून आली होती. मला कुणीतरी पाठवलेली निबंधाची सुटी पीडीएफ मी वाचली होती. पुढचा अंक मी उघडलाच नव्हता.

तेव्हापासून दोन सवयी लागल्या. कुठलाही निबंध वापरण्याआधी त्याची दुरुस्ती आली आहे का ते बघते. आणि जुनी मासिकं घेताना मधला महिना गहाळ असेल तर वहीत नोंद करून ठेवते.

'बाइट'चे आणि 'कॉम्प्यूट'चे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, जाहिरातींसकट. आपल्याकडच्या मासिकांची मला जास्त काळजी वाटते. घरात माळ्यावर 'पीसीक्वेस्ट' किंवा 'डिजिट'चे गठ्ठे असतील, तर रद्दीत देण्याआधी एकदा कळवा. अंकाबरोबरची सीडी अंकातच राहू द्या आणि जाहिरातींची पानं फाडू नका. एखादा महिना कमी असेल तर तोही सांगा, कदाचित तो माझ्याकडे असेल.