पियानोवरून प्रधानपदाकडे

कलावंतानें राजकारणाच्या वाऱ्यासही उभें राहूं नये, असें आमच्याकडील पुष्कळ रसिकांचें मत असतें. तर देश संकटांत असतां वाद्य घेऊन बसणें हें दुसऱ्या कित्येकांस पाप वाटतें. हा वाद निघाला म्हणजे आम्हांस पोलिश पियानोवादक इग्नात्सी पादेरेव्हस्की याची आठवण होते. दोन्ही पक्षांस पेंचांत टाकणारा असा दुसरा दाखला क्वचितच सांपडेल.

तो १८६० सालीं जन्मला, तेव्हां पोलंड हें राष्ट्र नकाशावर नव्हतें. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं १७९५ पर्यंत तें वांटून घेतलें होतें. १८८८ सालीं पॅरिसनें व १८९१ सालीं अमेरिकेनें पादेरेव्हस्कीस डोक्यावर घेतलें, आणि मग द्रव्याचा ओघ सुरू झाला. त्या द्रव्याचें त्यानें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. ग्रुनवाल्डच्या रणांगणावर १४१० सालीं पोलिश व लिथुएनियन सैन्यानें जर्मन सरदारसंघाचा मोड केला होता. त्या विजयाचें भव्य स्मारक त्यानें स्वखर्चानें क्राकोव्ह येथें १९१० सालीं उभारलें. परक्यांच्या अमलाखालीं आपल्या विजयाचा पांचशेंवा वाढदिवस साजरा करणें ही लहानसहान गोष्ट नव्हे.

पहिलें महायुद्ध पेटल्यावर तो १९१५ सालीं अमेरिकेस गेला. तेथील त्याची युक्ति मोठी मार्मिक होती. लोक जमत ते वादन ऐकावयास. पण हा प्रथम उभा राहून आपल्या उपाशी, उद्ध्वस्त देशाची कहाणी सांगे आणि मगच पियानोकडे वळून शोपँ वाजवी. अशा शेंकडों सभा झाल्या. अध्यक्ष विल्सन यांच्यापर्यंतही त्यानें आपलें गाऱ्हाणें नेलें. ८ जानेवारी १९१८ रोजीं विल्सननीं जाहीर केलेल्या चौदा कलमांत तेरावें कलम स्वतंत्र पोलंडचें होतें. याचें सारें श्रेय एका वादकास देणें मात्र इतिहासास धरून होणार नाहीं. तिन्ही साम्राज्यें कोसळलीं नसतीं तर तें कलम कागदावरच राहिलें असतें.

पुढें वॉर्साच्या पिल्सुड्स्कीचें आणि पॅरिसमध्यें ठाण मांडून बसलेल्या द्मोव्हस्कीचें पटेना. दोघांसही चालेल असा माणूस एकच होता. जानेवारी १९१९ मध्यें पादेरेव्हस्की मुख्य प्रधान व परराष्ट्रमंत्री झाला, आणि २८ जून रोजीं व्हर्सायच्या तहावर पोलंडतर्फे द्मोव्हस्कीबरोबर त्यानेंही सही केली. पण सभा हलविणें निराळें आणि कचेरी चालविणें निराळें! कारभाराची शिस्त त्याच्या अंगीं नव्हती, विधिमंडळांतील पक्षांचे डावपेंच त्यास उमगले नाहींत, आणि डिसेंबरांत त्याचें मंत्रिमंडळ गडगडलें. आमच्या मतें हें अपयश त्यास कमीपणा आणीत नाहीं. त्या अकरा महिन्यांत मित्रराष्ट्रांनीं नव्या राज्यास मान्यता दिली, ती बव्हंशीं त्याच्या नांवामुळें.

१९२२ सालीं, बासष्टाव्या वर्षीं, तो पुन्हां रंगमंचावर आला. मधल्या काळांत सराव तुटला होता, तरी सभागृहें भरलीं. १९३७ सालीं शोपँच्या समग्र रचनांच्या नव्या आवृत्तीचें संपादकत्व त्यानें पत्करलें. ती त्याच्या मरणानंतर छापून निघाली. १९३९ सालीं जर्मनांनीं क्राकोव्हचें स्मारक फोडून टाकलें. १९४१ सालीं न्यूयॉर्क येथें त्याचा अंत झाला, तेव्हां मायदेश परक्यांच्या टांचेखालीं असल्यानें देह आर्लिंग्टनच्या स्मशानभूमींत ठेवावा लागला. स्मारक १९७६ सालीं पुन्हां उभें राहिलें. तो स्वतः वॉर्सास परतला १९९२ सालीं.