फर्लो (विमान वाहतूक)

फर्लो म्हणजे काम कमी झाल्यामुळे किंवा आर्थिक अडचणीमुळे विमान कंपनीने वैमानिकाला दिलेली सक्तीची, बिनपगारी आणि बहुधा अनिश्चित मुदतीची रजा होय. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत रूढ आहे. फर्लोवर गेलेल्या वैमानिकाचे वेतन थांबते. मात्र ज्येष्ठता यादीतील त्याचे नाव कायम राहते आणि भरती पुन्हा सुरू झाल्यास प्रथम बोलावले जाण्याचा हक्क त्याला असतो. त्यामुळे फर्लो ही बडतर्फीहून वेगळी ठरते. सर्वांत शेवटी नेमलेला वैमानिक सर्वांत आधी घरी बसतो, म्हणून या पद्धतीचा भार प्रामुख्याने कनिष्ठ वैमानिकांवर पडतो.

संज्ञा

‘रजा’ या अर्थाच्या डच शब्दावरून ही संज्ञा इंग्रजीत आली व पूर्वी ती सैनिकांच्या रजेसाठी वापरली जाई. मराठी वाचकांना ‘फर्लो’ हा शब्द कैद्यांच्या संचित रजेमुळे परिचित आहे. कैद्याची फर्लो ही सवलत असते, तर वैमानिकाची फर्लो ही सक्ती असते.

ज्येष्ठता यादी

अमेरिकेत १९२६ सालचा रेल्वे कामगार कायदा १९३६मध्ये विमान कंपन्यांनाही लागू झाला. वैमानिकांची प्रमुख संघटना ‘एअर लाइन पायलट्स असोसिएशन’ १९३१मध्ये स्थापन झाली. कंपनी व संघटना यांच्यातील करारानुसार प्रत्येक वैमानिकाला रुजू झाल्याच्या दिनांकावरून क्रमांक मिळतो. कोणते विमान चालवायचे, कोणत्या शहरातून काम करायचे, महिन्याचे वेळापत्रक कसे असावे, सुटी केव्हा घ्यायची आणि कॅप्टन केव्हा व्हायचे, हे सर्व या क्रमांकावर ठरते. वशिलेबाजीला आळा बसतो, हा या पद्धतीचा मुख्य गुण मानला जातो.

हा क्रमांक एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. वीस वर्षे सेवा झालेला कॅप्टनही नव्या कंपनीत गेल्यास यादीच्या तळापासून सुरुवात करतो.

कार्यपद्धती

कंपनीने एखाद्या प्रकारची विमाने सेवेतून काढली, तरी ती चालवणारे ज्येष्ठ वैमानिक नोकरी गमावत नाहीत. ते दुसऱ्या प्रकारच्या विमानावर जातात व तेथील कनिष्ठांची जागा घेतात. अशा रीतीने काही कॅप्टन पुन्हा सहवैमानिक होतात आणि यादीच्या शेवटी असलेल्यांना जागाच उरत नाही. या साखळीत विमान बदलणाऱ्या प्रत्येकाला नवे प्रशिक्षण द्यावे लागते. हा खर्च टाळण्यासाठी कंपन्या अनेकदा आधी ऐच्छिक रजा, मुदतपूर्व निवृत्ती किंवा उड्डाणतासांत कपात हे उपाय योजतात.

परत बोलावण्याचा क्रम उलटा असतो. यादीत वर असलेल्याला आधी बोलावतात.

इतिहास

११ सप्टेंबर २००१ रोजी झालेल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर प्रवासी घटले आणि अमेरिकी कंपन्यांनी हजारो वैमानिकांना फर्लोवर पाठवले. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही कंपनी विकत घेतली होती. एकत्रित यादीत टीडब्ल्यूएच्या अनेक वैमानिकांना तळाचे क्रमांक मिळाले. त्यामुळे दीर्घ सेवा झालेले वैमानिकही कनिष्ठ ठरून घरी बसले. विलीनीकरणात ज्येष्ठता याद्या न्याय्य रीतीने जोडल्या जाव्यात, अशी तरतूद २००७मध्ये कायद्याने करण्यात आली.

डिसेंबर २००७मध्ये वैमानिकांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६५ करण्यात आले. ज्येष्ठांना पाच वर्षे अधिक मिळाली; परंतु त्यांच्या निवृत्तीने मोकळ्या होणाऱ्या जागा तेवढा काळ अडून राहिल्या. पाठोपाठ इंधन दरवाढ व आर्थिक मंदी आली. या काळात युनायटेड एअरलाइन्सने १,४३७ वैमानिकांना फर्लोवर पाठवले. त्यांतील काहींची ही दुसरी फर्लो होती.

कोविड-१९च्या साथीत, मार्च २०२०च्या कायद्याने अमेरिकी प्रवासी विमान कंपन्यांना वेतनासाठी २५ अब्ज डॉलरची मदत देऊ केली. ३० सप्टेंबर २०२०पर्यंत कोणालाही सक्तीने फर्लोवर न पाठवणे, ही तिची अट होती. मुदत संपताच अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १९,००० कर्मचाऱ्यांना फर्लोवर पाठवले. त्यांत सुमारे १,६०० वैमानिक होते. युनायटेड व डेल्टा या कंपन्यांतील वैमानिकांची फर्लो मात्र संघटनांशी झालेल्या करारांमुळे टळली. डिसेंबर २०२०मध्ये नवी मदत मंजूर झाल्यावर फर्लोवर गेलेल्यांना परत घेण्यात आले. दरम्यान अनेक ज्येष्ठांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करल्यामुळे पुढील दोन वर्षांत वैमानिकांचीच टंचाई जाणवू लागली.

कनिष्ठ वैमानिकांवरील परिणाम

वेतन बंद होणे हा तात्कालिक परिणाम होय. बहुतेक तरुण वैमानिकांवर प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते असतात व ते फर्लोतही चालू राहतात. वैमानिकाचे कौशल्य सरावावर टिकते. प्रवासी विमान चालवण्यासाठी मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली असावी लागतात. त्यामुळे दीर्घ फर्लोनंतर सिम्युलेटरवरील प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक ठरतात.

मंदीच्या काळात सर्वच कंपन्यांची भरती थांबते, म्हणून याच व्यवसायात दुसरी नोकरी मिळणे कठीण असते. ती मिळाली, तरी जुन्या कंपनीतील ज्येष्ठतेचा राजीनामा देण्याची अट काही कंपन्या घालतात. तेव्हा हाती आलेली नोकरी की परतीचा हक्क, यांतून एकाची निवड करावी लागते.

परत आल्यावरही नुकसान पूर्णपणे भरून निघत नाही. कॅप्टनपद लांबणीवर पडते आणि निवृत्तीचे वय ठरलेले असल्यामुळे अधिक वेतनाची तेवढी वर्षे कायमची कमी होतात. याउलट, फर्लोच्या आधी काही महिने रुजू झालेला वैमानिक यातून पूर्णपणे वाचू शकतो. म्हणजेच दोघांच्या कारकिर्दींतील अंतर कौशल्याने नव्हे, तर नेमणुकीच्या दिनांकाने ठरते.

भारतातील स्थिती

भारतात ज्येष्ठतेनुसार परत बोलावण्याचा हक्क देणारी अशी पद्धत सर्वसाधारणपणे रूढ नाही. जुलै २०२०मध्ये एअर इंडियाने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी रजेची योजना आणली होती. किंगफिशर (२०१२), तसेच मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेज (२०१९) व गो फर्स्ट (२०२३) या कंपन्यांची उड्डाणे बंद पडली, तेव्हा त्यांच्या वैमानिकांना नव्या नोकऱ्या शोधाव्या लागल्या. कंपनीच उरली नाही, तर ज्येष्ठता क्रमांकाला अर्थ राहत नाही. ही मर्यादा अमेरिकी पद्धतीलाही लागू आहे.