गूगलवर ‘पहिल्या नंबरला’ आणतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी: एसईओ आणि ऑनलाईन डिरेक्टरी म्हणजे नेमकं काय?

“सर, तुमची वेबसाईट बघितली. छान आहे, पण गूगलवर दिसत नाही. आम्ही तीन महिन्यांत पहिल्या नंबरला आणतो. शिवाय ५०० डिरेक्टऱ्यांमध्ये तुमचं नाव टाकून देतो.”

वेबसाईट सुरू केली की असे फोन आणि मेसेज यायला लागतात. समोरचा माणूस एसईओ, बॅकलिंक, रँकिंग असे शब्द भराभर वापरतो. आपल्याला त्यातलं फारसं कळत नाही आणि धंदा तर वाढवायचा असतो. मग पैसे दिले जातात.

पण ‘पहिला नंबर’ विकत मिळतो का? डिरेक्टरीत नाव टाकल्याने खरंच फायदा होतो का? आणि यातलं काय आपण स्वतः, फुकटात करू शकतो? समजून घेऊया.

उदाहरणासाठी एक होमस्टे घेऊ. समजा, मालवणजवळ तारकर्लीला तुमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. भाच्याच्या मित्राकडून वेबसाईट बनवून घेतली आहे. तरीही पुण्या-मुंबईचा पर्यटक शोधतो तेव्हा तुमचं नाव येत नाही.

गूगलला तुमची वेबसाईट कळते कशी?

एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. सोप्या भाषेत, आपली वेबसाईट सर्च इंजिनला सापडेल, समजेल आणि योग्य माणसाला दाखवावीशी वाटेल अशी करणं.

यात तीन टप्पे असतात. पहिला क्रॉलिंगचा. गूगलचे प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात इंटरनेटभर फिरत असतात. दुसरा इंडेक्सिंगचा. सापडलेलं पान कशाबद्दल आहे हे समजून घेऊन त्याची नोंद ठेवली जाते. तिसरा रँकिंगचा. कुणी काही शोधलं की त्या नोंदींमधून कोणतं पान आधी दाखवायचं ते ठरतं.

बहुतेक जण थेट तिसऱ्या टप्प्यासाठी पैसे मोजतात. गडबड मात्र अनेकदा पहिल्या दोनमध्येच असते.

तुमची वेबसाईट नोंदीत आहे का, हे बघायला गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन आहे. वेबसाईट तुमची असल्याचं सिद्ध केलं की कोणती पानं नोंदीत आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत हे त्यात दिसतं. लोक कोणते शब्द शोधून तुमच्यापर्यंत आले, तेही कळतं.

वेबसाईट वर्डप्रेसवर असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. त्याच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांनी ही साईट नोंदवू नये, असं सांगणारा एक चौकोन असतो. साईट तयार होत असताना डेव्हलपर त्यावर टिक करतात आणि काम संपल्यावर काढायला विसरतात. एवढ्या एका टिकेमुळे अख्खी वेबसाईट गूगलच्या बाहेर राहू शकते.

मराठी वेबसाईटची खास अडचण

आता पानावरचा मजकूर बघू. त्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत.

पहिली चाचणी: पानावरचं एखादं वाक्य सिलेक्ट करून बघा. सिलेक्टच होत नसेल तर ते बहुधा चित्र आहे. फ्लेक्ससाठी केलेलं डिझाईन तसंच वेबसाईटवर चढवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. माणसाला त्यात दर, जेवण, पत्ता सगळं वाचता येतं, पण सर्च इंजिन त्यातला मजकूर नीट वाचेलच याचा भरवसा नाही. महत्त्वाची माहिती अक्षरांतच लिहा.

दुसरी चाचणी: तेच वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये नाही. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथे वेगळंच अक्षर असतं. गूगलला ते मराठी म्हणून कळणार नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे मोफत कन्व्हर्टर उपलब्ध आहेत.

लिपीचाही विचार करा. एक पर्यटक ‘तारकर्ली होमस्टे’ असं देवनागरीत शोधेल, तर दुसरा तेच रोमन अक्षरांत टाईप करेल. त्यामुळे गावाचं आणि होमस्टेचं नाव पानावर दोन्ही लिप्यांत सहजपणे आलेलं बरं. पानाचा पत्ता मात्र छोटा आणि रोमन अक्षरांत ठेवणं सोयीचं. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण शेअर करताना अनेकदा त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते.

पानावर काय असायला हवं?

प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या. सगळ्या पानांवर नुसतं ‘होम’ किंवा ‘स्वागत आहे’ लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. ‘तारकर्लीत समुद्राजवळ घरगुती जेवणासह होमस्टे’ हे शीर्षक गूगललाही कळतं आणि पर्यटकालाही.

मजकूर लिहिताना ग्राहक फोनवर काय विचारतात ते आठवा. समुद्र किती लांब? मासे मिळतात का? शाकाहारी जेवणाची सोय आहे का? गाडी दारापर्यंत येते का? जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं? याच प्रश्नांची खरी उत्तरं पानावर लिहा. लोक शोधतातही हेच.

वेबसाईट मोबाईलवर नीट उघडते का बघा. मोबाईलवरच्या सर्चमध्ये गूगल २०१५ पासून मोबाईलला अनुकूल असणं विचारात घेतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस आहे का, हेही तपासा. २०१४ पासून तोही रँकिंगमधला एक छोटा निकष आहे.

आणि एक जुना गैरसमज. पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड’ची यादी भरण्याचे पैसे कुणी मागत असेल तर देऊ नका. वेब सर्चच्या रँकिंगसाठी आपण ही यादी वापरत नाही, असं गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तोच शब्द पानावर पंचवीस वेळा लिहिण्याचाही उपयोग नाही. उलट ते स्पॅम धरलं जातं.

मग ‘५०० डिरेक्टऱ्या’ ही भानगड कुठून आली?

यामागे एक इतिहास आहे.

१९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आवडत्या वेबसाईट्सची विषयवार यादी केली. तीच पुढे याहू झाली. १९९८ मध्ये डीमॉझ ही डिरेक्टरी सुरू झाली. जगभरातले स्वयंसेवक एकेक वेबसाईट बघून तिची त्यात नोंद करायचे. इंटरनेटवर काही शोधायचं तर अशा याद्या तेव्हा मोठा आधार होत्या.

त्याच १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी स्थापन केली. त्यांची कल्पना अशी होती की एका वेबसाईटने दुसरीची लिंक देणं म्हणजे जणू शिफारस करणं. जितक्या चांगल्या ठिकाणांहून शिफारशी, तितकं ते पान महत्त्वाचं.

शिफारशीला भाव आला म्हटल्यावर तिचा बाजारही उभा राहिला. कुणी वाचत नाही अशा हजारो डिरेक्टऱ्या केवळ लिंक देण्यासाठी तयार झाल्या.

याचा फटका मोठ्यांनाही बसला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण उघड केलं. कपड्यांपासून बॅगांपर्यंत अनेक गोष्टींच्या सर्चमध्ये ही कंपनी सगळ्यात वर दिसत होती. कारण भलत्याच विषयांच्या हजारो पानांवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. या लिंक आपण लावल्या नसल्याचं कंपनीने सांगितलं, पण गूगलने कारवाई केलीच. प्रवासी बॅगेच्या एका सर्चमध्ये कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्या क्रमांकावर गेली. कंपनीने आपल्या एसईओ संस्थेला काढून टाकलं.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि अशा बनावट लिंकवर सरसकट घाव घातला. याहूची डिरेक्टरी डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाली, तर डीमॉझ मार्च २०१७ मध्ये. आज गूगलच्या स्पॅम धोरणात हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांमधल्या लिंकचा स्पष्ट उल्लेख आहे.

थोडक्यात, ‘५०० डिरेक्टऱ्या’ विकणारा माणूस जुना माल विकतोय. त्यातून बहुधा काहीच होणार नाही, आणि झालंच तर नुकसान होईल.

म्हणजे डिरेक्टरीत नाव टाकूच नये का?

टाकावं. पण कुठे, हे एका प्रश्नावरून ठरवा: ही डिरेक्टरी माझे ग्राहक खरंच वापरतात का?

सगळ्यात आधी गूगल बिझनेस प्रोफाईल. नकाशावर तुमचं नाव, फोन, वेळ आणि फोटो दिसतात ते इथूनच. ही नोंद मोफत आहे. स्थानिक निकालांत गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध, अंतर आणि तुमची प्रसिद्धी. पैसे देऊन तिथलं स्थान सुधारता येत नाही, असं गूगलच सांगतं. जाहिरात देता येते, पण ती वेगळी असते आणि तिच्यावर तशी खूण असते.

मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरही अशीच मोफत नोंद करता येते. जस्टडायल १९९६ मध्ये मुंबईत फोनवरून माहिती देणारी सेवा म्हणून सुरू झालं आणि आजही अनेक शहरांत लोक ते वापरतात. काजू किंवा कोकम आगळ घाऊक विकत असाल तर इंडियामार्ट उपयोगी. होमस्टेसाठी प्रवासाच्या साईट्स महत्त्वाच्या. अशा ठिकाणी साधी मोफत नोंद आणि पैसे भरून वर दिसणं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मोफत नोंद आधी करा. पैशांचं नंतर बघा.

सगळीकडे नाव, पत्ता आणि फोन नंबर अगदी सारखे ठेवा. एका ठिकाणी जुना नंबर आणि दुसरीकडे नवा असेल तर ग्राहक गोंधळतो आणि सर्च इंजिनही. नकाशावरचा नंबर अधूनमधून तपासत राहा. २०१८ मध्ये ठाणे परिसरात भामट्यांनी नकाशावर एका बँकेचे नंबर बदलून ग्राहकांना फसवल्याची प्रकरणं समोर आली होती. नकाशावरच्या माहितीत बदल कुणीही सुचवू शकतो.

रिव्ह्यू मागायला हरकत नाही. पण सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं किंवा नातेवाइकांकडून खोटे लिहून घेणं नियमांत बसत नाही.

तरीही एजन्सी नेमायची असेल तर?

चांगलं काम करणारे लोक आहेत. फक्त आधी काही गोष्टी पक्क्या करा.

• पहिल्या नंबरची हमी देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलचं म्हणणं आहे.

• नेमकं काय बदलणार, हे लिहून मागा. ‘ते आमचं सिक्रेट आहे’ हे उत्तर चालणार नाही.

• लिंक कुठून आणणार, ते विचारा.

• फरक दिसायला चार महिने ते वर्षभर लागू शकतं, असं गूगल सांगतं. ‘पंधरा दिवसांत’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

• डोमेन, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाईल तुमच्याच ईमेलवर असू द्या. एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या. नाहीतर उद्या वाद झाला तर तुमच्या धंद्याचं नाव आणि नकाशावरचा पत्ता दुसऱ्याच्या ताब्यात राहील.

हा शेवटचा मुद्दा भाच्याच्या मित्रालाही लागू आहे. डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे आज रात्रीच विचारून घ्या. बाकीच्या गोष्टी, म्हणजे दोन चाचण्या, शीर्षकं आणि बिझनेस प्रोफाईलचा अर्ज, एका रविवारी होण्यासारख्या आहेत. त्या आधी करा. मग पुढच्या वेळी तो फोन आला की काय विचारायचं, ते तुम्हाला माहीत असेल.