तबकडीतून खिशात

विकत घेतलेल्या ध्वनिमुद्रिकेतले गाणे नेमके कोणाचे, हा प्रश्न ग्रामोफोनच्या काळी कोणाला फारसा छळत नसावा. गाणे लाखेच्या तबकडीत कोरलेले आणि तबकडी कपाटात ठेवलेली. ती फुटली की गाणेही गेले. वस्तू आणि गाणे यांची ही गाठ सुटली कशी, आणि ती सुटल्यावर कायद्याची किती तारांबळ उडाली, तो इतिहास मला मोठा मनोरंजक वाटतो. तो घडला बव्हंशी अमेरिकेत व इंग्लंडात. पण त्याचा एक धागा आपल्या घरापर्यंत येऊन पोचतो.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची सीडी बाजारात आली. तिच्यात गाणे असते ते आकड्यांच्या रूपाने. ध्वनिलहरीचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यावयाचे, तेही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे, आणि ते आकडे तबकडीवर उतरवावयाचे. एका मिनिटाच्या गाण्याला दहा मेगाबाइटांहून थोडी अधिक जागा लागते. १९८३ साली आयबीएमने काढलेल्या पीसी एक्सटी या संगणकाची सारी हार्ड डिस्कच मुळी दहा मेगाबाइटांची होती! तीत एक मिनिटसुद्धा मावले नसते. तेव्हा हे आकडे कोणी घरी उचलून नेईल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नव्हते, आणि सीडीला कुलूपही लावलेले नव्हते. पुढचा सारा तंटा या न लावलेल्या कुलपातून निघाला.

धंद्याला त्या वेळी भीती होती ती टेपची. जर्मनीने तर १९६५ च्या कायद्यातच ध्वनिमुद्रण यंत्रांवर आकार बसवून त्यातून संगीतकारांची भरपाई करण्याची सोय केली होती. १९८७ साली डॅट नावाची अंकीय टेप आली, मुळाबरहुकूम नक्कल करणारी, आणि अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांचे धाबे दणाणले. भांडणाअंती १९९२ चा कायदा झाला. यंत्रे बनवणाऱ्यांनी नकलेची नक्कल निघू नये अशी योजना यंत्रात करावयाची आणि वर दोन टक्के आकार भरावयाचा. त्या बदल्यात, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी नक्कल करणाऱ्या ग्राहकावर खटला भरावयाचा नाही. डॅट काही घरोघरी गेली नाही, पण कायदा मात्र मागे राहिला.

दरम्यान जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कानाला जे ऐकूच येत नाही ते वगळून गाणे सुमारे अकरा पटींनी लहान करण्याची युक्ती सिद्ध केली. तीच एमपीथ्री. हार्ड डिस्कही एव्हाना शेकडो पटींनी मोठ्या झाल्या होत्या. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीने रिओ नावाचे, कॅसेटएवढे एक यंत्र काढले. स्मरणशक्ती बत्तीस मेगाबाइट. म्हणजे बऱ्या आवाजात अर्धा तास, आवाजाला आणखी कात्री लावली तर तासभर. एखादा विलंबित ख्याल भरला की पेटी भरली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी तीन मिनिटांत राग आटोपणाऱ्या गवयांची मला येथे आठवण होते.

या एवढ्याशा पेटीवर रेकॉर्ड कंपन्यांच्या संघाने फिर्याद केली. आधी काही दिवसांपुरती मनाई मिळाली, मग न्यायालयाने ती पुढे चालवण्यास नकार दिला, आणि १५ जून १९९९ रोजी अपील न्यायालयाने तो नकार कायम केला. निकालातली गंमत अशी की तो गाण्याच्या मालकीवर लागलाच नाही, लागला व्याख्येवर. १९९२ च्या कायद्याला अभिप्रेत होते ते केवळ संगीतासाठी असलेल्या मुद्रणावरून नक्कल करणारे यंत्र. रिओ नक्कल घेतो संगणकाच्या हार्ड डिस्कवरून, आणि तीत तर हिशेब, पत्रे, नाना तऱ्हेचे प्रोग्रॅम असतात. सबब हार्ड डिस्क हे संगीताचे मुद्रण नव्हे, आणि रिओ हे कायद्यातले यंत्र नव्हे! पण न्यायमूर्ती तेवढ्यावर थांबले नाहीत. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीचा कार्यक्रम टेप करून सवडीने पाहण्यास मुभा दिली होती. तेथे बदलली होती वेळ, येथे बदलते जागा, एवढाच फरक, असे त्यांनी मांडले. माझ्या मते या निकालाचे खरे मोल ह्या दुसऱ्या विचारात आहे, पहिला निव्वळ वकिली आहे. ही वाट मोकळी झाल्यावरच २००१ च्या ऑक्टोबरात, पाच गिगाबाइटांचा आयपॉड येऊ शकला.

मार्च २००५ मध्ये तर रेकॉर्ड कंपन्यांच्या वकिलांनीच सर्वोच्च न्यायालयापुढे सांगून टाकले की विकत घेतलेली सीडी संगणकावरून आयपॉडमध्ये घालणे पूर्णपणे कायदेशीर आहे. त्याच वर्षी सोनी बीएमजीच्या काही तबकड्यांनी खरेदीदारांच्या संगणकात चोरपावलांनी एक प्रोग्रॅम घुसवून स्वतःला दडवल्याचे मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबरला उघडकीस आणले. तबकड्या परत घ्याव्या लागल्या. पैसे मोजणारा पिडला गेला. गाणे फुकटात उतरवून घेणाऱ्याला या प्रोग्रॅमचा वाराही लागला नव्हता.

इंग्लंडात आणखी निराळे. तेथे स्वतःच्या सीडीची स्वतःपुरती नक्कल करणे हाच कायद्याचा भंग होता, आणि तो बहुतेक सारेच करीत. अखेर १ ऑक्टोबर २०१४ पासून सरकारने मुभा दिली. संगीतकारांच्या संस्था न्यायालयात गेल्या. भरपाईवाचून नुकसान नगण्य ठरते याला पुरेसा पुरावा सरकारपाशी नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि जुलै २०१५ मध्ये मुभा रद्द झाली. साडेनऊ महिन्यांचे स्वातंत्र्य!

आपल्याकडील १९५७ च्या कायद्यात खासगी वापराची सवलत होती ती साहित्य, नाट्य, संगीत व कला यांच्या कृतींपुरती. संगीतरचना वेगळी आणि तिचे ध्वनिमुद्रण वेगळे. ध्वनिमुद्रणाचे नाव त्या कलमात नव्हते. २०१२ च्या दुरुस्तीने ते 'कोणतीही कृती' असे झाले आणि इलेक्ट्रॉनिक साठवणही त्यात आली. म्हणजे आयपॉड आल्यानंतर दशकभराने आपल्या खिशातल्या गाण्याला कायद्याचा शब्द लाभला. तोवर कोणाचे अडले होते म्हणा!

अडले ते दुसरीकडेच. सीडीवर बहुधा गाण्यांची नावे आकड्यांत लिहिलेली नसतात. संगणक तबकडीवरील गाण्यांची लांबी पाहून ती ओळखतो आणि सीडीडीबी नामक कोठारातून नावे आणतो. ते कोठार हौशी श्रोत्यांनी नावे टंकून भरले, नि पुढे ती धंदेवाईक मालमत्ता झाली. मी माझ्या नाट्यसंगीताच्या तबकड्या उतरवू लागलो तेव्हा रकाने दिसले ते असे: गायक, अल्बम, वर्ष, प्रकार. 'मानापमाना'तले पद घ्या. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, गाणारा तिसराच. शिवाय राग, ताल, आणि कोणत्या अंकात कोणत्या पात्राच्या तोंडी ते येते, हे निराळेच. यांतले बहुतेक कोठे लिहावयाचे हे त्या यंत्राने विचारलेच नव्हते. मी 'प्रकार' या रकान्यात रागाचे नाव घालू लागलो, आणि खिशातली ती पेटी पॉप आणि जॅझ यांच्या ओळीत पिलू आणि भीमपलास मांडू लागली.